व्होल्ट आणि अँपिअर मोजून रोध आणि वॅट कसे काढायचे: बडोद्यातल्या नवख्यांसाठी

जून-जुलै आला की बडोद्यात नवी मुलं येतात. कोणी कलाभवनात इंजिनीअरिंगला, कोणी आयटीआयला, कोणी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, अप्रेंटिस म्हणून. दांडिया बाजार नाहीतर रावपुऱ्याकडे एखाद्या मराठी घरात खोली मिळते, आणि पंधरा दिवसांत घरमालकीण काकू हाक मारतात, "अरे, तू इलेक्ट्रिकलचा ना? मग जरा गीझर बघ की. पाणी कोमटच येतंय." पोराला ओहमचा नियम (व्होल्ट, अँपिअर आणि रोध म्हणजे रेझिस्टन्स यांचं नातं) तोंडपाठ असतो. मीटर हातात घेतल्यावर मात्र कुठली तार कुठे लावायची आणि कुठला आकडा कशाने भागायचा, इथेच गाडी अडते.

हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे, आणि घरचं लाइटबिल पाहून कोड्यात पडणाऱ्या कोणासाठीही. मी हे वर्कशॉपमध्ये आणि घरी करत करतच शिकलो. गणित दोन ओळींचं आहे, ते सगळ्यांना येतं. चूक होते आकडे निवडताना. व्होल्ट सकाळचे नि अँपिअर रात्रीचे, रोध थंड कॉइलचा नि वॅट तापलेल्या कॉइलचे अशी सरमिसळ केली की उत्तर भलतंच येतं. एकाच उपकरणाचे, ते चालू असताना, एकाच वेळी घेतलेले दोन आकडे वापरायचे. खालच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत. उदाहरण म्हणून काकूंचा गीझरच घेऊ.

जवळ काय हवं

- डिजिटल मल्टिमीटर. त्यावर 'कॅट ३, ६०० व्होल्ट' (मीटर घरच्या लाइनवर सुरक्षित असल्याची खूण) असं छापलेलं असेल तर उत्तम. तारांची टोकं उघडी पडलेली किंवा आवरण चिरलेलं असेल तर आधी तारा बदला.
- क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर. स्वतःचा नसेल तर ओळखीच्या वायरमनकडून तासाभरासाठी मागून आणा.
- हातभर लांबीची एक खास एक्स्टेन्शन: एका टोकाला १६ अँपिअरची पिन, दुसऱ्या टोकाला सॉकेट, आणि मध्ये २.५ चौरस मिलिमीटरच्या तीन सुट्या, इन्सुलेशनवाल्या वायरी. त्या एका नळीत कोंबू नका. सुट्या का, ते तिसऱ्या पायरीत येईल.
- उपकरणाच्या पाटीचा मोबाइलवर काढलेला फोटो.
- शेवटचं लाइटबिल, वही, स्टॉपवॉच.
- गीझर वॉरंटीत असेल तर कार्ड आणि खरेदीचं बिल. स्क्रू फिरवण्याआधी ते वाचा. बहुतेक कंपन्या बाहेरच्या माणसाने उघडलेलं उपकरण वॉरंटीत धरत नाहीत.
- पायात रबरी चप्पल, हात कोरडे, आणि घरात दुसरं माणूस. गीझरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे का तेही बघून ठेवा. नसेल तर ते काम गीझरच्या आधी करून घ्या.

१. आधी पाटी वाचा

प्रत्येक उपकरणावर मागे किंवा खाली एक पाटी असते. आपल्या गीझरवर लिहिलंय: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, २००० वॅट. मीटरला हात लावायच्या आधी एवढ्यावरून काय निघतं ते वहीत मांडून घ्या.

अँपिअर = वॅट ÷ व्होल्ट = २००० ÷ २३० = ८.७
ओहम = व्होल्ट ÷ अँपिअर = २३० ÷ ८.७ = साधारण २६.४

म्हणजे मोजल्यावर आकडा आठ-नऊ अँपिअरच्या आसपास यायला हवा. ०.८ किंवा ८० दिसला तर गीझरला दोष देण्याआधी मीटरची रेंज तपासायची. हा अंदाज आधी काढून ठेवणं ही मला सगळ्यात कामाची सवय वाटते.

आणखी एक गोष्ट इथेच कळते. साध्या सॉकेटची मर्यादा ६ अँपिअर, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. २००० वॅटचा गीझर त्यावर चालवायचा नाही, त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेटच लागतं. खोलीत अडचण आहे म्हणून अॅडॉप्टर लावून छोट्या सॉकेटवर गीझर चालवणारे पाहिलेत. त्यांच्या भिंतीवर काळा डागही पाहिलाय.

काही किटल्यांवर '२२०-२४० व्होल्ट, १८५०-२२०० वॅट' असं लिहिलेलं असतं. ते पाहून नवखे गोंधळतात, वॅट नक्की किती धरायचे? दोन्ही टोकांचा रोध काढून बघा. २२० × २२० ÷ १८५० = २६.२ ओहम. २४० × २४० ÷ २२०० = २६.२ ओहम. कॉइल एकच आहे, व्होल्टेज बदललं की वॅट बदलतात. कंपनीने दोन टोकं छापलीत, एवढंच.

२. व्होल्टेज मोजा, तेही दोनदा

काळी तार 'कॉम' लिहिलेल्या भोकात, लाल तार 'व्होल्ट-ओहम' लिहिलेल्या भोकात. चकती एसी व्होल्टच्या ६०० किंवा ७५० च्या रेंजवर. इथे तीन सापळे आहेत आणि तिन्ही धोक्याचे.

पहिला: लाल तार १० अँपिअरच्या भोकात राहून गेली आणि तुम्ही तशीच सॉकेटमध्ये घातलीत, तर ते थेट शॉर्ट सर्किट. मीटरच्या आत त्या वाटेवर रोध जवळजवळ नसतोच. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बऱ्याचदा फ्यूजही नसतो. दर वेळी तारा सॉकेटमध्ये घालण्याआधी नजर आधी भोकांकडे गेली पाहिजे.

दुसरा: चकती चुकून डीसी व्होल्टवर असेल तर २३० व्होल्टच्या चालू सॉकेटवरही मीटर शून्याच्या आसपास दाखवतो. लाइट गेली असं समजून माणूस वायरीला हात घालतो. म्हणून शून्य दिसलं की आधी चालू असल्याची खात्री असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर मीटर तपासा.

तिसरा उलटा आहे. तोडून ठेवलेल्या वायरीवर मीटर कधीकधी ३०, ५०, ८० व्होल्ट दाखवतो. शेजारून जाणाऱ्या चालू वायरीचा तो परिणाम असतो आणि त्यात ताकद नसते. छोटा बल्ब लावला की तो आकडा कोसळतो. म्हणून बेफिकीर मात्र होऊ नका. जोवर एमसीबी (बोर्डावरचा, जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) पाडून तपासलेलं नाही, तोवर प्रत्येक तार चालूच समजायची.

आता मोजा. गीझर बंद असताना आपल्या सॉकेटवर मिळाले २३१ व्होल्ट. गीझर चालू करून त्याच सॉकेटच्या जोडीवर मिळाले २२२. दोन्ही लिहून ठेवा. लोक फक्त पहिला आकडा घेतात. गीझरच्या हिशोबाला लागतो दुसरा, कारण कॉइलला प्रत्यक्षात तेवढंच मिळतंय. मधले ९ व्होल्ट कुठे गेले ते सातव्या पायरीत शोधू. व्होल्टेज आपलं आपणही वरखाली होत असतं, म्हणून तीन-चार वेळा चालू-बंद करून दर वेळी तोच फरक येतो का ते बघा.

३. करंट मोजा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

स्वस्तातला पिवळा मल्टिमीटर बहुतेकांकडे असतो. त्यावरचं 'ए' अक्षर पाहून लोक घरचा करंट मोजायला जातात. त्या चकतीवर नीट बघा: त्यातल्या बहुतेक मीटरांत अँपिअर फक्त डीसीचे असतात. ते बॅटरी आणि छोट्या सर्किटसाठी. घरच्या लाइनचा करंट त्याने मोजता येत नाही. ज्या मीटरमध्ये एसी अँपिअर आहे, त्यातही मीटर वायरीच्या मध्ये, ओळीत जोडावा लागतो, म्हणजे चालू लाइन तोडून जोडायची. नवख्याने घरच्या २३० व्होल्टवर हे करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. क्लॅम्प मीटर त्यासाठीच आहे.

क्लॅम्पचा जबडा उघडायचा, एक वायर आत घ्यायची, बंद करायचा. एकच वायर. गीझरची अख्खी दोरी जबड्यात घेतलीत तर मीटर शून्य दाखवेल, कारण जेवढा करंट फेजच्या वायरीतून जातो तेवढाच न्यूट्रलच्या वायरीतून परत येतो आणि दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. दोरीचं बाहेरचं आवरण कापून आतल्या वायरी सुट्या करण्याची आयडिया प्रत्येकाला सुचते, ती सोडून द्या. वर सांगितलेली तीन सुट्या वायरींची एक्स्टेन्शन मध्ये लावा आणि तिच्यातली एकच वायर जबड्यात घ्या.

आकडा स्थिर व्हायला दोन-तीन सेकंद थांबा. आपल्या गीझरला मिळाले ८.२ अँपिअर. त्याच क्षणी सॉकेटवर २२२ व्होल्ट होते. ही जोडी आपल्या कामाची.

शून्य आलं तर? गीझर असो की इस्त्री, दोन्हींत थर्मोस्टॅट असतो. पाणी तापलं की तो कॉइलची वीज तोडतो आणि करंट खरंच शून्य होतो. थोडं गरम पाणी काढून टाका, इस्त्रीचा लाल दिवा परत पेटू द्या, मग मोजा. इंडक्शन शेगडी तर मंद आचेवर थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद अशीच चालते. तिला पूर्ण आचेवर ठेवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

एलईडी बल्बसारख्या बारीक उपकरणाचा करंट क्लॅम्पला नीट कळत नाही. तेव्हा एकच बारीक वायर जबड्यातून दहा वेळा वळवून घ्या आणि आलेला आकडा दहाने भागा. ही युक्ती जुनी आहे आणि बिनचूक चालते. मीटर मिलिअँपिअर दाखवत असेल तर गणितात घालण्याआधी १००० ने भागायला विसरू नका. ३५० मिलिअँपिअर म्हणजे ०.३५ अँपिअर.

४. रोध काढा

ओहम = व्होल्ट ÷ अँपिअर
२२२ ÷ ८.२ = २७.१ ओहम

हे सूत्र गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडलं. पाटीवरून आपण २६.४ काढला होता. दोन-तीन टक्क्यांचा फरक काहीच नाही, नव्या कॉइलमध्येही एवढा असतो. म्हणजे कॉइल ठणठणीत आहे. कॉइल तुटली असती तर करंट आलाच नसता.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मल्टिमीटर ओहमवर ठेवून थेट मोजला तर? मोजता येतो. पण त्यासाठी एमसीबी पाडून, गीझरची पिन सॉकेटमधून पूर्ण काढून, पिनच्या दोन सारख्या खुंट्यांवर तारा लावायच्या (तिसरी, जाड आणि लांब खुंटी अर्थिंगची, ती सोडायची). चालू लाइनवर ओहमची रेंज लावली तर मीटर जळतो, कधी हातातच फुटतो. आणि तेव्हा थर्मोस्टॅटने कॉइलची वाट तोडलेली असेल तर मीटर 'अनंत' दाखवेल आणि तुम्ही चांगली कॉइल फेकून द्याल.

थेट मोजण्यात आणखी एक गंमत आहे. गीझरच्या नायक्रोमच्या कॉइलचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे थंड आणि गरम आकडे जवळजवळ सारखे येतात. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब घ्या. पाटीवरून त्याचा रोध २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम. मल्टिमीटरने थंड बल्ब मोजा, मिळतील जेमतेम ३५-४०. टंगस्टनची तार पांढरी तापल्यावर तिचा रोध दहा-पंधरापट होतो. बटण दाबताक्षणी हा बल्ब काही क्षण पाच-सहा अँपिअर ओढतो, आणि जुने बल्ब बटण दाबतानाच का उडायचे तेही यातून कळतं. बल्बचे वॅट काढायला थंड रोध वापरलात तर उत्तर हजार-दीड हजार वॅट येईल.

५. वॅट काढा

वॅट = व्होल्ट × अँपिअर
२२२ × ८.२ = १८२० वॅट

गरजेप्रमाणे हेच सूत्र दोन रूपांत लिहिता येतं.

वॅट = अँपिअर × अँपिअर × ओहम
वॅट = व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम

करंट माहीत असेल आणि वायर किती तापते ते काढायचं असेल तर मधलं रूप. व्होल्टेज बदलल्यावर उपकरणाचं काय होईल ते काढायचं असेल तर शेवटचं. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हे जूल नावाच्या इंग्रजाने १८४०च्या सुमारास प्रयोगाने दाखवलं.

शेवटच्या रूपाचा एक उपयोग बघा. १००० वॅटची इस्त्री, रोध ५२.९ ओहम. उन्हाळ्यात सगळ्या गल्लीचे एसी चालू झाले आणि व्होल्टेज २०० वर आलं. नवखा म्हणतो, व्होल्टेज १३ टक्के उतरलं, तर वॅटही १३ टक्के उतरतील, म्हणजे ८७०. गणित मांडा: २०० × २०० ÷ ५२.९ = ७५६ वॅट. जवळजवळ चौथा हिस्सा गेला. व्होल्टेज कमी झालं की करंटही त्याच प्रमाणात कमी होतो, आणि गुणाकारात दोघांची घट लागते. २००० वॅटला ८.७ अँपिअर हा पाटीचा करंट तसाच धरून २०० व्होल्टने गुणणं, ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक. ते दोन आकडे एका वेळचे नसतातच.

आता काकूंचं कोमट पाणी. १५ लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे १८८४ किलोजूल लागतात. १८२० वॅटने भागलं तर १०३५ सेकंद, म्हणजे सव्वासतरा मिनिटं. पुऱ्या २००० वॅटनेही पावणेसोळा मिनिटं लागलीच असती. दीड मिनिटाच्या फरकाने पाणी कोमट राहत नाही. वीस मिनिटं थांबूनही कोमटच येत असेल आणि मधेच करंट शून्य होत असेल, तर थर्मोस्टॅट लवकर तोडतोय, किंवा कॉइलवर क्षाराचा थर बसून तो भाग जास्त तापतोय. बोअरचं पाणी येणाऱ्या घरांत हा थर हमखास. कॉइल बदलायला निघालेल्या मेकॅनिकला हे दोन आकडे दाखवा, काकूंचे पैसे वाचतील.

६. मीटरच्या लाल दिव्यावरून ताळा घ्या

ही पायरी पुस्तकात सहसा नसते, पण मला फार आवडते. जीईबीचं (म्हणजे जुन्या गुजरात वीज मंडळाचं; २००५ साली कंपन्या वेगळ्या झाल्या, बडोद्याला एमजीव्हीसीएल आली, तरी बोलताना आपण जीईबीच म्हणतो) डिजिटल मीटर बघा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, जसं १६०० किंवा ३२००.

घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि राउटरसुद्धा. दिवा थांबला का बघा. मग फक्त गीझर लावा आणि १०० लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजा. घड्याळ सुरू होतानाची लुकलुक 'शून्य' म्हणायची, 'एक' नाही.

वॅट = लुकलुकी × ३६,००,००० ÷ (मीटरवरचा आकडा × सेकंद)

आपल्याकडे १६०० चं मीटर, १०० लुकलुकींना बरोबर १२० सेकंद. ३६,००,००,००० ÷ १,९२,००० = १८७५ वॅट.

आपण काढले १८२०, मीटर म्हणतो १८७५. क्लॅम्प मीटर दोन-तीन टक्के इकडेतिकडे असू शकतो, हे खरं. पण इथे ५५ वॅटच्या फरकाला एक सरळ कारणही आहे. आपण सॉकेटवर मोजलं, मीटर खाली जिन्यात मोजतोय. मधल्या वायरीत जी वीज गेली तीही त्याने मोजली.

७. वायर आणि प्लगचा रोध

दुसऱ्या पायरीतले ९ व्होल्ट आठवा. गीझर चालू असताना वायरमनने खालच्या मेन बोर्डावर व्होल्टेज मोजलं, तेव्हा २२९ मिळालं. (मेन बोर्ड उघडायचं काम त्याच्याकडेच द्या.) म्हणजे २ व्होल्ट बाहेरच्या लाइनवर गेले आणि ७ व्होल्ट घरातल्या वायरिंगमध्ये.

वाटेचा रोध = ७ ÷ ८.२ = ०.८५ ओहम
वाटेत गेलेले वॅट = ७ × ८.२ = ५७

हे लाल दिव्याच्या ५५ वॅटशी जुळतं. पण ०.८५ ओहम जास्त आहे का? तांब्याच्या वायरीचा रोध असा काढा:

ओहम = ०.०१७२ × मीटर लांबी ÷ चौरस मिलिमीटर जाडी

जुन्या वाड्यात मीटर खाली जिन्यात आणि गीझर तिसऱ्या मजल्यावर. २५ मीटर जायचे, २५ परत यायचे, ५० धरा. परत यायचे मीटर धरायला नवखे नेमके विसरतात. वायर १.५ चौरस मिलिमीटरची. ०.०१७२ × ५० ÷ १.५ = ०.५७ ओहम. उरले ०.२८ ओहम, ते कुठल्यातरी सांध्यावर, स्क्रूवर किंवा सैल सॉकेटमध्ये. ८.२ × ८.२ × ०.२८ = १९ वॅट.

१९ वॅट ऐकायला कमी वाटतात. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने डाग देताना धातू पाघळतो. इथे जवळपास तेवढी उष्णता एका पितळी स्क्रूच्या टोकावर, प्लॅस्टिकच्या डबीत कोंडलेली आहे. गीझर दहा मिनिटं चालवून बंद करा, पिन काढा आणि खुंट्यांना बोट लावून बघा. चटका बसला तर दोष तिथेच. सॉकेट बदलून परत व्होल्टेजचा फरक मोजा, तो उतरायला हवा. आणि २००० वॅटच्या गीझरला इतक्या लांबवर १.५ ची वायर मुळातच कमी आहे, ४ ची टाका. रोध ०.२२ वर येतो.

उत्तरायणला हेच गणित गच्चीवर कामाला येतं. दोन दिवस सगळं बडोदं छपरावर, खालच्या सॉकेटमधून ३० मीटरची बारीक एक्स्टेन्शन वर नेलेली, तिच्यावर म्युझिक सिस्टीम, वर कोणीतरी चहासाठी १५०० वॅटची किटलीही लावतो. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर, जाऊन-येऊन ६० मीटर: १.३८ ओहम. करंट साधारण ६.३ अँपिअर. वायरीत ५४ वॅट. वायर मोकळी पसरली असेल तर ते निभतं. तीच वायर चाकावर गुंडाळलेली ठेवलीत तर उष्णता बाहेर पडायला जागा नाही, आणि आतली वेटोळी एकमेकांना चिकटतात. गुंडाळी पूर्ण सोडा आणि किटली खालीच ठेवा.

८. पंखा, फ्रिज, एलईडी: इथे नुसता गुणाकार चालत नाही

आतापर्यंतचं सगळं गीझर, इस्त्री, किटली यांना लागू आहे, जिथे वीज सरळ उष्णतेत जाते. मोटर आली की करंट व्होल्टेजच्या मागे पडतो, आणि दोघांचा गुणाकार वॅट राहत नाही. त्याला व्होल्ट-अँपिअर म्हणतात. वॅट हवे असतील तर पॉवर फॅक्टरने, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती त्या प्रमाणाने, गुणावं लागतं.

वॅट = व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर

समजा फ्रिजला २२५ व्होल्टवर १ अँपिअर दिसला. २२५ वॅट म्हणू नका. पॉवर फॅक्टर ०.६५ असेल तर खरे वॅट १४६. साध्या छताच्या पंख्याचा पॉवर फॅक्टर पूर्ण वेगात एकाच्या बराच जवळ असतो, त्यामुळे तिथे चूक लहान होते. स्वस्त ९ वॅटच्या एलईडी बल्बचा कधी निम्म्याजवळ असतो, म्हणून गुणाकार १६-१७ दाखवतो आणि लोक म्हणतात कंपनीने फसवलं. घरचं मीटर वॅटच मोजतं, बिल त्याचंच येतं. शिवाय एलईडीचा करंट तुटक असतो. तो मोजायला 'ट्रू आरएमएस' (वेड्यावाकड्या करंटचाही खरा आकडा देणारा) लिहिलेलाच क्लॅम्प हवा.

पॉवर फॅक्टर कसा कळणार? लाल दिव्याच्या ताळ्याने खरे वॅट काढा आणि व्होल्ट-अँपिअरने भागा, झालं. किंवा प्लगमध्ये लावायचं पॉवर मीटर घ्या, ते सगळे आकडे एकत्र दाखवतं.

रोधाचंही तसंच. पंख्याचे २३० व्होल्ट ०.३५ अँपिअरने भागले तर ६५७ येतात, पण वाइंडिंग ओहममीटरने मोजलं तर त्याहून बरंच कमी मिळतं. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिल्याला इंपीडन्स म्हणतात, त्यात फिरणाऱ्या मोटरचा प्रतिकारही येतो. वाइंडिंग जळलं की नाही ते ठरवायला दुसराच वापरायचा.

जीआयडीसीत जाणाऱ्यांसाठी एवढंच: तीन फेजच्या मोटरला १.७३२ ने गुणायचं. ५ एचपीची मोटर, ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८. १.७३२ × ४१५ × ७.५ × ०.८ = ४३१३ वॅट. पाटीवर मात्र ३.७ किलोवॅट लिहिलेलं असेल. तो आकडा शाफ्टवर मिळणाऱ्या ताकदीचा आहे, लाइनमधून ओढलेल्या विजेचा नाही. मुलाखतीत हा प्रश्न आवडीने विचारतात.

९. वॅटवरून युनिट

१००० वॅट एक तास म्हणजे एक युनिट. बिलाच्या हिशोबाला मीटरचे १८७५ वॅट घ्या, सॉकेटवरचे १८२० नाही, कारण वायरीतल्या विजेचेही पैसे काकूच भरतात. रोज अर्धा तास: १.८७५ × ०.५ = ०.९४ युनिट. साध्या मीटरवर बिल दोन महिन्यांचं येतं, तेव्हा ६० ने गुणा: ५६ युनिट. थर्मोस्टॅटने कॉइल तोडलेली मिनिटं त्या अर्ध्या तासात धरू नका. बिलावरच्या एकूण युनिटांतून हे ५६ वजा करा आणि मग फ्रिज, एसीकडे वळा. तिथे आठव्या पायरीतला पॉवर फॅक्टर लावूनच.